घरची मोटार मुलांच्या हाती देताना

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात गतीचे नियम शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मोठ्या अभिमानाने सांगितले, "सर, मला मोटार चालविता येते." वर्गात हशा पिकला, आणि कित्येकांच्या डोळ्यांत हेवाही दिसला. मी त्यास विचारले, "चालविता येते हे ऐकले, थांबविता येते काय?" तो म्हणाला, "त्यात काय, सर? ब्रेक दाबला की थांबते."

प्रस्तुत लेख या उत्तरावरून सुचला आहे. मोटार चालू करून पुढे नेणे ही गोष्ट चार दिवसांत साधते. परंतु ती योग्य जागी, योग्य वेळी व कोणासही इजा न होता थांबविणे ही खरी विद्या होय. ती मुलास कशी द्यावी आणि केव्हा द्यावी, याचा विचार विद्यार्थी व पालक या दोघांनीही करावयास हवा.

प्रथम त्या उत्तराचाच हिशेब मांडू. समजा, मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे ती दर सेकंदास १० मीटर जाते. इतक्यात रस्त्यात कोणी आडवे आले. डोळ्यांनी ते पाहावे, मनाने धोका ओळखावा आणि पाय ब्रेकवर जावा, एवढ्यास सावध माणसासही सुमारे एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदात मोटार १० मीटर पुढे गेलेली असते. पुढे ब्रेकमुळे तिचा वेग प्रत्येक सेकंदास ५ मीटरने कमी होत गेला असे धरले, तर ती आणखी १० मीटर जाऊन थांबते. एकूण अंतर २० मीटर, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या खेळपट्टीएवढे झाले. आता वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर करा. ब्रेक दाबण्यापूर्वीचे अंतर दुप्पट होऊन २० मीटर होईल. परंतु ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर चौपट, म्हणजे ४० मीटर होईल. कारण गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकूण ६० मीटर, म्हणजे तीन खेळपट्ट्या! रस्ता पावसाने ओला असेल, किंवा चाके झिजलेली असतील, तर त्याहूनही अधिक. आपण ब्रेक दाबला म्हणजे मोटार थांबते हे खरे. पण ती आपल्या इच्छेने थांबत नाही, पदार्थविज्ञानाच्या नियमाने थांबते.

हे ज्ञान मोटारीच्या जन्माबरोबरच मनुष्यास मिळाले आहे. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले. पुढे १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ या पतीस न सांगता आपल्या पंधरा व तेरा वर्षांच्या दोन मुलांस बरोबर घेऊन, त्याच बनावटीच्या मोटारीतून मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्त्सहाइम येथे गेल्या. वाटेत इंधन संपले, तेव्हा त्यांनी औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले. चढावर गाडी ओढेना, तेव्हा मुलांनी ती मागून ढकलली. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या त्या पहिल्या लांब प्रवासाने जगास गाडी चालू शकते हे दाखविले. आणि ती नीट थांबावी यासाठी काय करावयास हवे, हेही त्याच प्रवासात कळले.

आता 'केव्हा' या प्रश्नाकडे वळू. आपल्या देशातील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणासही सार्वजनिक जागी मोटार चालविता येत नाही. "आम्ही रस्त्यावर कोठे जातो? गावाबाहेरच्या मैदानातच शिकतो," असे पुष्कळ पालक म्हणतात. परंतु लोकांस जेथे जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा कायद्याने सार्वजनिकच समजली जाते. २०१९ साली या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये अल्पवयीन मुलाने वाहनासंबंधी गुन्हा केल्यास पालक अथवा गाडीचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. शिक्षेच्या भयाने मी हे सांगत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचतो, परंतु मित्रांनी "अजून जोरात!" म्हणताच त्या पायास आवर घालणारे मन बहुधा तेवढे पोहोचलेले नसते. किल्ली मागणाऱ्या मुलास 'नाही' म्हणणे हा पालकांनी द्यावयाचा पहिला धडा होय.

अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे शिकाऊ परवाना काढता येतो. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकाऊ चालकाच्या गाडीवर पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात 'एल्' हे अक्षर असले पाहिजे, आणि गाडी थांबविता येईल अशा जागी परवानाधारक मनुष्य शेजारी बसला पाहिजे. मोटार शिकविणाऱ्या शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. घरच्या गाडीत तो नसतो; शेजारच्या आसनावर बसलेल्या बापाच्या हाताशी केवळ हँडब्रेक असतो, व काही नव्या गाड्यांत त्याच्या जागी एक बटणच असते. म्हणून मुलास प्रथम अशा शाळेत धडे द्यावेत आणि नंतर घरच्या गाडीत सराव करवावा, हे उत्तम.

सरावाचा क्रम असा ठेवावा. गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारून मागे लहान मूल अथवा खाली कुत्रे नाही ना, हे पाहावे. मग आसन, आरसे व पट्टा नीट करावा. त्यानंतर क्लचचे मर्म समजावून द्यावे. इंजिन चालू असता ते एका ठरावीक गतीखाली फिरू शकत नाही, आणि चाके तर स्थिर असतात. फिरणाऱ्या व स्थिर अशा या दोहोंस घर्षणाने हळूहळू जोडून देणे हे क्लचचे काम. पाय एकदम उचलला तर इंजिनावर सारा भार एकदम येऊन ते गचकन बंद पडते. हे मुलास एकदा समजले म्हणजे गाडी बंद पडल्याची लाज वाटत नाही. नंतर सपाट जागी निघणे आणि खुणेच्या रेषेवर थांबणे, एवढेच शंभर वेळा करवावे. मग गाडी मागे घेणे, मग रहदारीचा रस्ता, मग घाट, आणि सर्वांच्या शेवटी रात्र व पाऊस. आमच्या सातारा जिल्ह्यात उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्याने चालतात, आणि पुष्कळदा मागे दिवा नसतो. अशा रस्त्यावर नवशिक्यास सूर्यास्तानंतर नेऊ नये.

येथे माझ्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगणे मला प्राप्त आहे. माझी ज्येष्ठ कन्या अठरा वर्षांची झाल्यावर शिकाऊ परवाना काढून मी तिला आमच्या जुन्या गाडीवर शिकवू लागलो. दुसऱ्या आठवड्यात एका अरुंद रस्त्याने जात असता समोर शेळ्यांचा कळप आला. गाडीचा वेग कमीच होता, आणि तिने पाय उचललाही होता. परंतु मला धीर धरवेना. मी मोठ्याने ओरडलो आणि चक्रास हात घातला. ती गोंधळली, तिचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला, आणि गाडी रस्ता सोडून चरात उतरून शेताच्या बांधास अडकली. शेळ्या वाचल्या, आम्हीही वाचलो. परंतु कळपामागून येणारी म्हातारी बाई मटकन खाली बसली, ती थरथरत होती. दिवा फुटला त्याचे दुःख नाही. तिचा चेहरा मात्र मी विसरलो नाही. तिला पाणी देऊन, तिची क्षमा मागून, आम्ही मुकाट्याने घरी आलो. रात्री मुलगी म्हणाली, "पप्पा, मी थांबतच होते. तुमचा हात आला, मग मला काहीच सुचले नाही."

वीस वर्षे मी वर्गात शिकवितो; शिकणाऱ्याच्या हातातून लेखणी ओढून घेऊ नये, हे मला ठाऊक होते. मोटारीत बसल्यावर मी ते विसरलो. दुसऱ्या दिवशी आम्ही उभयतांनी काही नियम ठरविले. सूचना धोका येण्यापूर्वी द्यावयाची, धोका आल्यावर नव्हे. शब्द थोडे व ठरलेले असावेत: 'वेग कमी', 'आरसा पाहा', 'थांब'. स्वर चढवावयाचा नाही. चूक झाली तर गाडी बाजूस उभी करून मगच बोलावयाचे. आणि दोघांपैकी कोणीही थकला वा रागावला असेल, तर त्या दिवशी किल्ली खुंटीवरच राहू द्यावयाची.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षांस अवकाश असला तरी तुमचे शिक्षण आजच सुरू होऊ शकते. वडिलांच्या शेजारी बसून रस्ता वाचावयास शिका: त्या वळणामागे काय असेल, त्या उभ्या एस्.टी.च्या पुढून कोण धावत येईल, हे मनाशी ओळखा. चाकातील हवा मोजणे, तेलाची पातळी पाहणे, पंक्चर झाल्यास स्टेपनी चढविणे, ही कामे शिका. पालकांनो, मुले या वर्षांत तुमच्याकडेच पाहत असतात. जो बाप गाडी चालविताना फोन कानास लावतो, त्याने पुढे केलेला उपदेश मुलगा कोणत्या कानाने ऐकेल?

माझ्या मुलीस पुढे पक्का परवाना मिळाला. त्यानंतर एका रविवारी तिने आम्हा सर्वांस पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईस उतरवून आणले. सतत ब्रेक दाबला तर घर्षणाने तो तापून त्याची पकड कमी होते, म्हणून तिने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या रोधाने वेग आवरला, आणि चढून येणाऱ्या गाड्यांस नियमाप्रमाणे थांबून वाट दिली. मी एक शब्दही बोललो नाही. वाईस उतरल्यावर मात्र माझी उजवी पोटरी दुखत असल्याचे माझ्या लक्षात आले. घाटभर मी माझ्या बाजूस नसलेला ब्रेक दाबीत आलो होतो.