छोट्या गाडीचा मोठा खटाटोप

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ ही काळी-पिवळी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. अशा अखेरच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि शहरातील टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा होती. गाडी रस्त्यावरून गेली, की ती छायाचित्रांत उरते, आठवणीत उरते आणि काही हौशी मंडळींच्या टेबलावर उरते. मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती स्वतःच्या हाताने घडवणे हा जगभर रुजलेला छंद आहे. खेळण्यांच्या दुकानातून तयार गाडी आणून कपाटात मांडणे वेगळे आणि सुटे भाग तासून, जोडून, रंगवून ती उभी करणे वेगळे. या दुसऱ्या वाटेवर निघालेल्या अनेकांची पहिली गाडी अर्धवट अवस्थेत खोक्यात परत जाते. हाताला कसब नसते म्हणून हे घडते असे नाही. पुष्कळदा घाई नडते आणि कधी कुणाचा तरी अस्थानी शेरा.

प्रमाणाचे गणित

प्रतिकृतीचा पाया म्हणजे तिचे प्रमाण. १/२४ म्हणजे मूळ गाडीपेक्षा प्रत्येक माप चोवीस पटींनी लहान. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर. ती १/२४ मध्ये साधारण १६ सेंटिमीटर, १/१८ मध्ये २२ सेंटिमीटरच्या आत आणि १/४३ मध्ये जेमतेम ९ सेंटिमीटर भरते. १/४३ हे विचित्र वाटणारे माप ब्रिटनमधील ‘ओ गेज’ या खेळण्यातील रेल्वेच्या प्रमाणातून आले. रुळांशेजारी शोभतील अशा गाड्या हव्या होत्या, म्हणून ते रूढ झाले.

प्लास्टिकच्या किटमध्ये अमेरिकी उत्पादकांनी १/२५ आणि जपानी उत्पादकांनी १/२४ हे प्रमाण मुख्यत्वे स्वीकारले. १९४८ मध्ये मिशिगन राज्यात स्थापन झालेली ‘एएमटी’ ही कंपनी आरंभी मोटार विक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या तयार प्रतिकृती बनवीत असे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिने त्याच गाड्या सुट्या भागांच्या रूपात विकायला काढल्या आणि अमेरिकेतील मुलांच्या एका पिढीला हे वेड लागले. जपानमधील शिझुओका शहरात १९४६ मध्ये लाकडाचा व्यवसाय म्हणून सुरू झालेली ‘तामिया’ पुढे प्लास्टिककडे वळली. १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची १/१२ प्रमाणातील प्रतिकृती काढताना या कंपनीने अभ्यासासाठी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचे भाग सुटे केले होते. लहान वस्तू खरी वाटावी यासाठी किती मोठे कष्ट पडतात, याचे हे बोलके उदाहरण.

भारतीय रस्त्यांवरील गाड्यांची किट क्वचितच मिळतात. त्यामुळे पद्मिनी घडवू पाहणाऱ्याला मापे घेऊन, प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांतून बरेच काही स्वतःच कापावे लागते. म्हणूनच हात बसेपर्यंत साधे, कमी भागांचे किट घेणे शहाणपणाचे.

रंगाआधीचे काम

किटचे भाग प्लास्टिकच्या एका चौकटीला जोडलेले येतात. साच्यातून सहज सुटावेत म्हणून वापरलेला तेलकट पदार्थ त्यांवर राहिलेला असू शकतो. भांडी घासण्याचा सौम्य साबण आणि कोमट पाणी यांनी ते आधी धुवावेत, अन्यथा रंग धरत नाही. भाग हाताने पिळून तोडू नये. कटरने पहिला काप थोडा दूर घ्यावा, दुसरा जवळ घ्यावा आणि उरलेला उंचवटा पॉलिश पेपरने घासावा. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे बॉडीवर बारीक रेघ उमटते. खऱ्या गाडीवर ती नसते, म्हणून तीही घासून काढावी. याउलट दारे आणि बॉनेट यांच्या कडेच्या फटी रंगाने बुजतात. त्या रंगापूर्वीच अणकुचीदार हत्याराने किंचित खोल कराव्यात.

डिंक लावण्याआधी प्रत्येक भाग कोरडाच बसवून पाहावा. बॉडी, चासी, आसने आणि काचा एकमेकांत बसतात की नाही हे रंगकाम झाल्यावर कळले तर सगळे श्रम वाया जातात. प्लास्टिक जोडण्याचे सिमेंट हे खरे तर प्लास्टिक विरघळवून सांधणारे द्रावण असते. त्याचा एक थेंब बॉडीवर पडला तर पुसू नये, वाळू द्यावा आणि मग घासावा. काचांसाठी ‘सुपर ग्लू’ टाळावा. त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढुरके धुके चढते. तेथे लाकडाला लावतात तो पांढरा डिंक उत्तम, कारण तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

जाड रंग, खोटी गाडी

पुष्कळ प्रतिकृती रंगाच्या जाडीमुळे ‘खेळणे’ वाटू लागतात. खऱ्या मोटारीवरील रंगाचे सर्व थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर भरतात. तेवढाच थर १/२४ च्या गाडीवर चढला, तर तो मूळ गाडीवर सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा लेप चढवल्यासारखा दिसतो. कडा गोल होतात, अक्षरे बुजतात. म्हणून एका जाड हातापेक्षा तीन-चार पातळ हात बरे. आधी प्रायमर द्यावा. करड्या प्रायमरखाली राहिलेला प्रत्येक ओरखडा उघडा पडतो आणि तो दुरुस्त करण्याची ती शेवटची संधी असते. पिवळ्या किंवा लाल रंगाखाली पांढरा अथवा फिकट गुलाबी प्रायमर असल्यास रंग उजळ येतो.

स्प्रेचा डबा वापरण्याआधी तो काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवला, तर फवारा एकसारखा येतो. उकळते पाणी किंवा ज्योत मात्र कदापि नको. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवावा. टॅक्सीसारखी दुरंगी गाडी असल्यास आधी फिका रंग द्यावा. पिवळे छत पूर्ण वाळले, की त्यावर मास्किंग टेप लावून काळा रंग मारावा. इनॅमल रंगावर लॅकर कधीही मारू नये, खालचा थर सुरकुततो. रंग वाळला का, हे बोट लावून पाहण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. त्यापेक्षा नाक जवळ न्यावे. वास येत असेल तर थर अजून ओला आहे.

मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत आणखी एक अडचण येते. पावसाळ्यात हवेतील बाष्प लॅकरच्या ओल्या थरावर जमते आणि काळी गाडी राखाडी दिसू लागते. पाऊस उघडलेला, कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबणे हाच त्यावरचा साधा उपाय.

थांबण्याइतकीच काळजी श्वासाची. थिनर आणि लॅकरच्या वाफा आरोग्यास अपायकारक तर असतातच, शिवाय ज्वालाग्राहीही असतात. स्वयंपाकघरात, देवघरातील समईजवळ किंवा बंद खोलीत रंगकाम करू नये. कापडी मुखपट्टी धूळ थोडीफार अडवते, वाफ अडवत नाही. त्यासाठी रासायनिक वाफा शोषणाऱ्या गाळणीचा मास्क लागतो. घरात लहान मुले असल्यास डबे आणि पाती कुलपात ठेवलेली बरी.

दुसऱ्याच्या गाडीसमोर

गाडी पूर्ण झाली, की ती कुणाला तरी दाखवावीशी वाटते. शिझुओका येथे दरवर्षी मे महिन्यात भरणाऱ्या हॉबी शोला देशोदेशींचे हौशी कारागीर आपली कामे घेऊन जातात. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटीच्या शाखा अनेक देशांत आहेत. प्रदर्शन लहान असो वा मोठे, तेथील काही संकेत सर्वत्र सारखेच आहेत.

पहिला संकेत म्हणजे हात लावू नये. आरसा किंवा वायपर केसाइतक्या टोकावर चिकटवलेला असतो. पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी, लहान मुलांना टेबलापासून थोडे दूर उभे करावे, छायाचित्र घेण्याआधी विचारावे.

दुसरा संकेत बोलण्याचा. इंग्रजी भाषक देशांत अशा रसिकांना ‘रिव्हेट मोजणारे’ असे गमतीने म्हणतात, जे प्रत्येक खिळ्याचा हिशेब मागतात. अचूकतेचा आग्रह वाईट नाही. मात्र नवख्या मुलाने आणलेल्या टॅक्सीकडे पाहून ‘डावीकडचा मीटर कुठे आहे? ही काय पद्मिनी झाली?’ असे चारचौघांत म्हटले, तर तो मुलगा मीटर बसवत नाही, छंद सोडतो. तीच गोष्ट ‘रंग छान पातळ बसला आहे. जुन्या छायाचित्रात यांत्रिक मीटर बाहेर, डाव्या बाजूला दिसतो, हवे तर ते पाठवतो’ अशी सांगितली, तर पुढची गाडी अधिक खरी होते. दोष दाखवायचा तर नेमका दाखवावा, पुराव्यासह दाखवावा आणि तो दूर करण्याची रीत सांगावी. विचारल्याशिवाय तर सांगूच नये, असे जाणकार मानतात. दुसऱ्या टोकाची खोटी वाहवाही तितकीच निरुपयोगी ठरते. जोडाची उघडी फट ‘अप्रतिम’ म्हणून झाकली, तर करणारा तीच चूक पुन्हा करतो.

तिसरा संकेत प्रामाणिकपणाचा. कोणता भाग किटमधला, कोणता विकत घेतलेला रेझिनचा, कोणता थ्रीडी प्रिंटरवर छापलेला आणि कोणता स्वतः घडवलेला, हे स्पष्ट सांगावे. युक्ती दुसऱ्याची असल्यास त्याचे नाव घ्यावे. एखाद्या छोट्या कारागिराने तयार केलेल्या रेझिन भागाचा साचा काढून त्याच्या प्रती विकणे ही तर उघड चोरीच. असे भाग बनवणारी मंडळी बहुधा एकटी आणि अल्प नफ्यावर काम करणारी असतात. नकला सुरू झाल्या, की ती काम थांबवतात आणि नुकसान सगळ्यांचेच होते. वापरलेले किट विकतानाही त्यातील हरवलेले भाग, पिवळे पडलेले स्टिकर आणि वाकलेली बॉडी आधी सांगणे हा व्यवहाराचा भाग आहे.

प्रश्न विचारणाऱ्यालाही काही पथ्ये आहेत. ‘रंग बिघडला, काय करू?’ एवढे विचारून उपयोग नाही. कोणता रंग, कोणता थिनर, किती वेळ वाळवला आणि हवा कशी होती, एवढे सांगितले तर जाणत्याला उत्तर देता येते. उपाय लागू पडला, तर तसे परत येऊन सांगावे. पुढच्याचा वेळ वाचतो.

पहिल्या गाडीत चुका राहणारच. ती फेकून देऊ नये. रंग काढण्याचा, नवा थिनर तपासण्याचा, मास्किंगचा सराव करण्याचा हक्काचा तुकडा म्हणून ती पुढे अनेक वर्षे कामी येते. ज्या दिवशी हात पुरेसा स्थिरावेल, त्या दिवशी पद्मिनीचे छत पिवळे करायला घ्यावे. मात्र हवा कोरडी असेल तरच.