नेरळची छोटी गाडी : आपल्याकडची एक अमानत

गेल्या हिवाळ्यात पनवेलहून मुलांची सहल घेऊन आम्ही माथेरानला निघालो. नेरळ स्टेशनवर छोट्या गाडीची वाट पाहत असताना सहज विचारले, "मुलांनो, ही रेल्वे कोणी बांधली असेल?" पंचवीस-तीस तोंडांतून एकच उत्तर आले, "इंग्रजांनी!"

मुलांचा काय दोष? आम्ही तरी त्यांना कधी सांगितले होते? पनवेलच्या पूर्वेला ज्या डोंगररांगा रोज दिसतात, त्यांतच माथेरान आहे. आपल्याच तालुक्यातल्या धोदाणीहून सनसेट पॉइंटकडे चढणारी पायवाट आजही वापरात आहे. डोंगर एवढा जवळचा, पण त्यावर रूळ कोणी नेले याची आम्हाला जाण नव्हती. म्हणून हा लेख.

काड्यापेटीपासून रेल्वेपर्यंत

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे माथेरान मुंबईकरांना ठाऊक झाले. पण तिथे पोचणे सोपे नव्हते. नेरळहून घोडा, डोली किंवा पायी चढण, एवढेच मार्ग होते.

माथेरानला येणाऱ्यांमध्ये मुंबईचे बोहरा उद्योगपती आदमजी पीरभॉय होते. लहानपणी त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर काड्यापेट्या विकल्या, असे सांगितले जाते. पुढे लष्कराला तंबू व इतर सामान पुरवून ते मोठे झाले आणि १९०७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. वडिलांचे आवडते ठिकाण सर्वांच्या आवाक्यात यावे, म्हणून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वेचे काम अंगावर घेतले. त्यासाठी सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. तो भार पीरभॉय कुटुंबाने उचलला आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली.

या मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर फक्त दोन फूट आहे. सुमारे २१ किलोमीटरमध्ये गाडी साडेसातशे मीटरहून अधिक उंची चढते. सर्वांत कठीण ठिकाणी वीस फूट पुढे जाताना एक फूट वर जावे लागते. डोंगर पोखरण्याऐवजी रूळ डोंगराभोवती वळवत नेले, त्यामुळे वाटेत बोगदा लागतो तो एकच, तोही अगदी लहान. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनांची नावे मुलांनी एका फेरीतच पाठ केली.

तुटणे आणि सांधणे

पण बांधण्यापेक्षा टिकवणे अवघड असते, हे संसार करणाऱ्याला सांगायला नको. सह्याद्रीचा पाऊस या मार्गाची दरवर्षी परीक्षा घेतो. ओढ्याचे पाणी मोरीत मावले नाही, की ते रुळांवरून वाहते. खडी आणि माती निघून जाते आणि स्लीपर अधांतरी लोंबकळू लागतात. म्हणूनच नेरळ ते अमन लॉज हा भाग पावसाळ्यात बंद ठेवतात.

२६ जुलै २००५ च्या महापुराने मार्गाची दैना केली. आता ही गाडी कायमची गेली, अशी भीती अनेकांना वाटली. पण मार्च २००७ मध्ये, शंभरी गाठतानाच, ती पुन्हा धावली. मे २०१६ मध्ये आठवड्याभरात दोनदा डबे घसरले आणि गाडी थांबली. २०१७ च्या अखेरीस अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी आणि २०१८ च्या जानेवारीत नेरळहून येणारी गाडी सुरू झाली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा वाहून नेला. यावेळी काँक्रीटचे स्लीपर बसवले, दगड भरलेल्या जाळ्यांच्या भिंती उभारल्या, दरीच्या बाजूला कठडे घातले. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळहून गाडी निघाली, तेव्हा मध्ये तीन वर्षे गेली होती.

गाडी कोणाची?

मालकी मध्य रेल्वेची आहे आणि दुरुस्तीही तिनेच केली. पण प्रत्येक वेळी 'गाडी सुरू करा' हा धोशा चालू ठेवला तो माथेरानकरांनी. निवेदने दिली, अधिकाऱ्यांकडे आणि लोकप्रतिनिधींकडे खेटे घातले. हौशी रेल्वेप्रेमींनीही या गाडीचा विसर पडू दिला नाही.

माथेरानकरांना एवढी तळमळ का? माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून गावापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा रिक्षाने जायचे. आपल्याला ही मौज वाटते. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला, तान्हे बाळ घेतलेल्या आईला, खाली शिकायला जाणाऱ्या मुलांना अमन लॉजची फेरी किती मोलाची असेल, याचा विचार करा. घोडेवाले, हमाल, दुकानदार यांची हिते वेगवेगळी असतील. पण माणूस वर आला तरच सर्वांच्या घरी चूल पेटते, हे सगळेच जाणतात.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानचे नाव अजून संभाव्य यादीतच आहे.

आपल्या हाती काय आहे?

ही रेल्वे एका मुस्लिम घराण्याने बांधली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण नुसत्या अभिमानाने मोरीतला गाळ निघत नाही. पीरभॉय यांनी तिकिटावर जात लिहिली नव्हती. गाडी सर्वांसाठी होती. मग तिची काळजीही सर्वांचीच.

मोठी कामे रेल्वे करील. आपण लहान कामे करू. माथेरानला जाताना एक बाजू तरी छोट्या गाडीने जाऊ. खिडकीतून वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या टाकणार नाही. डोंगरात टाकलेला तोच कचरा पावसात मोरीत अडकतो आणि पाणी रुळांवर चढते. घरातल्या बुजुर्गांकडे या गाडीचे जुने फोटो किंवा पुठ्ठ्याची तिकिटे असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्या प्रवासाच्या आठवणी मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या. आमच्या वर्गात आम्ही हे सुरू केले आहे. एका मुलीची दादी वाफेच्या इंजिनाने माथेरानला गेली होती. डोळ्यात गेलेला कोळशाचा कण ओढणीच्या टोकाने कसा काढला, ते त्यांनी नातीला करून दाखवले.

परतताना नेरळला उतरल्यावर आम्ही मुलांना पुन्हा तोच प्रश्न विचारला. यावेळी उत्तर बरोबर आले. मग एका मुलाने उलट विचारले, "सांभाळणार कोण?"

त्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.