चकाकतं ते ट्राउटचं सोनं!

ऑनसाइटचं तिकीट हातात पडलं की वीकेण्डचे प्लॅन ठरलेले. एक नायगारा, एक न्यूयॉर्क आणि उरलेले सगळे मॉल! पण पोस्टिंग पेनसिल्व्हेनियात असेल, तर एप्रिलचा पहिला शनिवार राखून ठेवा. त्या दिवशी सकाळी ८ वाजता राज्यभर ट्राउटचा सीझन उघडतो आणि ओढ्यांच्या काठी ही गर्दी उसळते.

हे मासे आपसूक आलेले नसतात. सरकारी हॅचरीत वाढवलेले ३० लाखांहून जास्त ट्राउट दरवर्षी ट्रकमधून आणून ओढ्यांत सोडतात. त्यात सर्वाधिक रेनबो. अंगावर गुलाबी पट्टा मिरवणारा हा मासा मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा. म्हणजे तोही तिथे ऑनसाइटच!

मग टाकीतला मासा पकडण्यात कसलं आलंय थ्रिल? पहिल्या दिवशी फारसं नाही. गोळ्या खाऊन वाढलेला हा गडी चमकतं ते खाणं समजून झडप घालतो. पण चार दिवस डोक्यावरून आमिषं गेली की शहाणा होतो. मागे मागे येतो, बघतो आणि चक्क पाठ फिरवतो. खरा खेळ तिथे सुरू होतो.

फिरकीची जादू

स्पिनर म्हणजे तारेभोवती गरगर फिरणारं धातूचं पातं आणि मागे गळ. आंद्रे म्यूलनार या फ्रेंच इंजिनिअरने १९३८ मध्ये काढलेला ‘मेप्स’ आजही फेव्हरिट आहे. पात्याची चमक माशाला दिसते आणि थरथर अंगाला जाणवते.

ट्राउटसाठी दोन-तीन ग्रॅमचा स्पिनर, हलका रॉड आणि बारीक दोरी पुरे. दोरीला पीळ पडू नये म्हणून मध्ये छोटी फिरती कडी लावा. स्पिनर प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरका फेका आणि पाण्यापेक्षा जरासा जास्त वेगाने ओढा. पातं फिरत राहील इतकाच वेग हवा. एप्रिलचं पाणी गार, मासे सुस्त. घाई केलीत तर हात हलवत परत याल. स्पिनर तळापासून थोडा वर राहू द्या. मोठ्या दगडांच्या आडोशाला आणि डोहाच्या तोंडाशी जास्त वेळ द्या. स्वच्छ पाण्यात लहान, चंदेरी पातं. गढूळ पाण्यात सोनेरी. मासा नुसताच मागे येतोय? क्षणभर थांबा, मग पुन्हा ओढा. तरी नाही? रंग बदला.

ठेवायचा की सोडायचा?

सोडलेल्या रेनबोला घरी नेताना अपराधी वाटायचं कारण नाही. अनेक ओढ्यांचं पाणी उन्हाळ्यात इतकं तापतं की ट्राउट तिथे तगतच नाही. तो पकडण्यासाठीच सोडलेला असतो. पण डोंगरातल्या गार ओढ्यात ठिपक्याठिपक्यांचा रानटी ब्रूक ट्राउट गळाला लागला, तर तो त्या मातीतला, राज्याचा अधिकृत मासा. गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवा, हात ओले करा आणि त्याला पाण्यातच सोडवा. पाहुण्याच्या नादात घरच्याचा बळी नको.

विसरू नका

- वय १६ किंवा जास्त असेल तर लायसन्स आणि वेगळं ट्राउट परमिट.
- नेहमीच्या ओढ्यांवर सीझनमध्ये दिवसाला ५ ट्राउट, प्रत्येक किमान ७ इंच. काही ओढ्यांचे नियम वेगळे, आधी वाचा.
- हळद, तिखट, मीठ आणि रवा अपार्टमेंटमध्ये तयार ठेवा. सुरमईची आठवण थोडी तरी कमी होईल!