गोळी गिळल्यानंतर

लेखमाला : शुश्रूषा घरची – लेखांक ११

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात येलवाल येतं. मराठी वाचकाला हे नाव कानावर असलंच तर विनोबांमुळे. सप्टेंबर १९५७ मध्ये इथे ग्रामदान परिषद भरली होती. नेहरूंसह वेगवेगळ्या पक्षांचे नेते तिला आले होते. आज या गावाच्या टपालपत्त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक प्रकल्प आहे आणि मुंबईहून बदलीवर आलेली मराठी माणसंही इथे राहतात. अशाच एका घरातल्या वाचक ताईंचं पत्र आलं, त्यावरून आजचा लेख बेतला आहे. मागच्या आठवड्यात कबूल केलेला अंथरुणातल्या जखमांचा विषय त्यामुळे पुढे ढकलतो.

ताईंचे धाकटे दीर साताऱ्याहून उन्हाळ्यात राहायला आले. मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम बरीच वर्षं चालू, तब्येत उत्तम, नोकरी नीट. येण्याआधी रक्तदाब वाढलेला निघाला म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली होती. येलवालला आल्यावर ताईंनी जिव्हाळ्याने जेवणातलं मीठ जवळपास बंद केलं. गुडघा दुखतो म्हणून भाऊजी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेत होते. तीन आठवड्यांनी त्यांच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला. मग शर्टाची बटणं लागेनात. मग बोलणं जड झालं आणि पोट बिघडलं. घरात एकमत झालं की प्रवासाचा शीण आहे, डोक्याचा ताण पुन्हा वर आलाय. ताईंना मात्र बटणं खटकली. त्यांनी त्याच दिवशी म्हैसूरला नेलं. रक्तातलं लिथियम मर्यादेच्या बरंच वर गेलेलं निघालं, दाखल करावं लागलं, आता ठीक आहेत. पत्रातला प्रश्न असा : ‘गोळ्या मी रोज मोजून, वेळेवर, समोर बसून दिल्या. मग चुकलं कुठे?’

गोळी देण्यात काहीच चुकलं नाही. लिथियम हा मिठातल्या सोडियमचा भाऊबंद. मूत्रपिंड या दोघांमध्ये फारसा भेद करत नाही. शरीरात मीठ कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. कमी मिठाचं जेवण, लघवीची गोळी, उन्हाळ्याचा घाम, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं : यातलं प्रत्येक लिथियमची पातळी चढवायला मदत करतं आणि भाऊजींच्या बाबतीत चारही एकत्र आली. गोळी तीच, डोस तोच, पण रक्तातलं प्रमाण वाढत गेलं. एरवी हे प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल ठेवतात; १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. इतकं अरुंद अंतर असलेली औषधं फार थोडी आहेत. म्हणून रक्ततपासणी. ती शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते, म्हणजे रात्रीची गोळी घेऊन सकाळी रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची. गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि नको तो घोळ होतो.

लिथियम चालू असलेल्या घरात एवढं पाठ असावं. मीठ वाढवूही नये, तोडूही नये, जेवण रोजच्यासारखं. जुलाब-उलट्या, ताप, निर्जळी उपवास, उन्हातली वारी यांपैकी काहीही असलं तर आधी डॉक्टरांना विचारायचं. अंगदुखीला पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं. रक्तदाबाची नवी गोळी सुरू होत असेल तर ‘लिथियम चालू आहे’ हे वाक्य आपण होऊन बोलायचं, कारण रक्तदाबाच्या डॉक्टरांना ते दरवेळी माहीत असतंच असं नाही. बोटांची बारीक थरथर बऱ्याच जणांना असते, तिने घाबरायचं नाही. थरथर जाड झाली, तोल जायला लागला, जीभ अडखळली, उलट्या लागल्या, तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालय.

आता ताईंचा मूळ प्रश्न. गोळी हातावर ठेवणं, पाणी देणं, गिळली का ते जिभेखाली पाहणं ही शुश्रूषेची सुरुवात आहे. खरं काम त्यानंतर चालू होतं, आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही हे पटवायला वेळ लागतो, कारण चार्टवर सही गोळी दिल्याची होते, पाहिल्याची होत नाही. मेंदूवर काम करणाऱ्या औषधांत तर हे पाहणं अधिकच महत्त्वाचं. औषधाचा त्रास आणि मूळ आजार यांचे चेहरे एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की जवळची माणसंही फसतात.

एक उदाहरण दिलं तर लक्षात येईल. पंचविशीतला मुलगा, हॅलोपेरिडॉल सुरू होऊन आठवडा झालेला. भास कमी झालेत, पण तो बसत नाही. खुर्चीत टेकला की गुडघे हलतात, उठतो, खोलीत येरझारा घालतो, परत बसतो, परत उठतो. आई म्हणते, ‘औषधाने काही फरक नाही, उलट चळ वाढलाय.’ नातेवाईक डोस वाढवायला सांगतात. अनुभवी सिस्टर त्याला विचारते, ‘हे मनातून वाटतंय, की पायच थांबत नाहीत?’ तो म्हणतो, ‘पाय थांबत नाहीत हो.’ याला अकॅथिसिया म्हणतात. हा औषधाचा परिणाम असतो. डोस वाढवला तर हा त्रासही वाढतो, आणि तो इतका असह्य असू शकतो की माणूस जिवावर उदार होतो. एका प्रश्नाने उपचाराची दिशा बदलते, म्हणून तो प्रश्न विचारणारं माणूस जवळ असायला हवं.

असाच दुसरा प्रकार : औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एकदम एका बाजूला वळते, डोळे वर जाऊन अडकतात, जीभ बाहेर येते. घरात कुणी लकवा म्हणतं, कुणी अंगात आलं म्हणतं, लिंबू-मिरच्या निघतात. इंजेक्शन दिल्यावर हे थोड्या वेळात उतरतं. पण औषधाने होतं हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर घरचे त्या दिवसापासून औषधच बंद करतात आणि दोन महिन्यांनी आजार पूर्वीपेक्षा जोराने उलटतो. आधी सांगून ठेवणं हा शुश्रूषेचा भाग आहे. आणि त्याच औषधांवर असताना भरपूर ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, भ्रम अशी अवस्था झाली तर ती दुर्मीळ पण जिवाशी खेळणारी गोष्ट असते. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते.

ही पाहण्याची जबाबदारी घरावर कशी आली, त्यामागेही इतिहास आहे. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांवर वापरायला सुरुवात झाली. त्याआधी वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं औषधावर घरी जाऊ शकतात हे त्यानंतर दिसू लागलं. बंगळूरचं मानसिक रुग्णालय तेव्हा म्हैसूर राज्याचं होतं. तिथेच १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून आजची निम्हान्स झाली. त्याच पन्नाशीच्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. नातलगाला बाहेर उभं करण्याऐवजी शेजारी बसवायचं, ही आपल्याकडची मोठी देणगी आहे असं मला वाटतं. फक्त एक तक्रार आहे. नातलगाला शेजारी बसवलं, पण काय पाहायचं ते बहुतेक ठिकाणी शिकवलं नाही. सुट्टी देताना हातात मिळते ती औषधांची चिठ्ठी. तिच्यावर सकाळ-दुपार-रात्र असतं, बाकी काही नसतं.

मेंदूच्या इतर आजारांकडे जरा भरभर जाऊ. आकडीच्या औषधांत सगळ्यात मोठा धोका म्हणजे ती अचानक बंद करणं. चातुर्मासात, उपवासाच्या दिवशी, लग्नघरी, प्रवासात गोळी राहते आणि झटके एकापाठोपाठ एक येऊ लागतात. (झटका आला की काय करावं यावर पूर्वी लिहिलं आहे, कांदा आणि चप्पल हुंगवू नये एवढं पुन्हा सांगतो.) फेनिटॉइनचा डोस किंचित वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उडी घेऊ शकतं, म्हणून ‘अर्धी जास्त घे’ हा सल्ला घरात कुणीच देऊ नये. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं, त्यातही तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर कॅलामाइन लावत बसायचं नाही. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुण मुलीच्या बाबतीत गरोदरपणाचा विषय लग्न ठरण्याच्या आधी डॉक्टरांसमोर निघायला हवा, कारण पोटातल्या बाळाला त्याने इजा होते. हे बोलणं आई टाळते, सिस्टरने टाळू नये.

कंपवाताचं मात्र सारं घड्याळावर चालतं. लेव्होडोपाची गोळी अर्धा तास मागेपुढे झाली तरी माणूस खुर्चीत अडकून पडतो. दूध, पनीर, डाळ अशा प्रथिनांबरोबर ती घेतली की पुष्कळांना लागू पडत नाही, म्हणून ती जेवणाआधी घ्यायची असते. ‘उपाशीपोटी औषध नको’ म्हणून आजोबांना दुधाबरोबर गोळी देणारी सून प्रेमानेच देते, पण त्या दिवशी आजोबांचं चालणं बिघडतं. दुसऱ्या कारणासाठी रुग्णालयात दाखल केलं तर वॉर्डातल्या औषधांच्या ठरावीक वेळा आणि आजोबांच्या वेळा जुळत नाहीत. अशा वेळी नातेवाइकाने वेळांचा कागद खाटेला चिकटवावा आणि सिस्टरशी चार शब्द जास्त बोलावेत, वाईटपणा आला तरी चालेल. आणि उलटी होतेय म्हणून मेटोक्लोप्रामाइड देऊ पाहिलं, तर ‘यांना कंपवात आहे’ याची आठवण करून द्यावी. त्या औषधाने कंपवात बळावतो.

एक अवघड गोष्ट ताईंच्या पत्रात ओझरती आहे. त्यांच्या शेजारणीने सल्ला दिला होता, ‘घेत नसेल तर आमटीत घालून द्या.’ आपल्याकडे हे घरोघर चालतं आणि करणाऱ्याला मी सरसकट दोष देत नाही. रात्र-रात्र जागलेल्या आईला उपदेश करणं सोपं असतं. पण दोन अडचणी स्पष्ट आहेत. पहिली व्यवहाराची : ज्या गोळीच्या पाकिटावर एसआर किंवा सीआर असं लिहिलेलं असतं ती हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते, ती कुटली तर दिवसभराचं औषध एकदम पोटात जातं. दुसरी विश्वासाची. ज्याला अन्नात विष घालताहेत असा संशय आहे, त्याला एक दिवस आमटीत खरंच काही सापडलं, तर त्याचा संशय चुकीचा होता असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्यानंतर तो घरचं जेवत नाही, आणि औषध तर लांबच राहिलं. महिन्यातून एकदा देता येणारी इंजेक्शनं उपलब्ध आहेत, ती विचारावीत. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलता येतं, मराठीतून आणि कन्नडमधूनही.

ताईंना मी एक साधी वही करायला सांगितलं आहे. तारीख, गोळी, वेळ हे त्यात असूच दे, पण शेजारी मोकळी जागा हवी : झोप किती, जेवण किती, शौचाला झाली का, हात थरथरतात का, चहा सांडला का, मीठ-पाण्यात बदल, मेडिकलमधून मधेच आणलेली कुठलीही गोळी. बद्धकोष्ठाची नोंद ऐकून लोक हसतात. क्लोझापिनवर असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं, आणि त्याच औषधावर घसा दुखून ताप आला तर पांढऱ्या पेशी त्याच दिवशी मोजाव्या लागतात. डॉक्टरांच्या ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत ही वही उघडून समोर ठेवली की ‘बरं चाललंय ना?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

(पुढील आठवड्यात : अंथरुणातल्या जखमा)