वाद्यवृंदाची दुपार

दुपारी दोनच्या सुमारास मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी एक टेम्पो लागतो. काळ्या पेट्या, केबलींची वेटोळी, माइकचे स्टँड उतरू लागतात. यजमानांपैकी कोणाचेच तिकडे लक्ष नसते. वास्तविक सायंकाळचा वाद्यवृंद रंगणार की फसणार, हे बव्हंशी पुढील दोन तासांतच ठरावयाचे असते.

आपल्या समाजातील कार्यात या दोन तासांची ओढाताण अधिकच होते. सूर्यास्तापूर्वी पंगती उठावयाच्या, म्हणून पाहुणे लवकर येतात. आचारी आणि फुलवाले यांनाही नेमकी तीच वेळ हवी असते. सर्वांची सोय लावून उरलेला अर्धा तास साउंडवाल्याच्या वाट्याला येतो, आणि पुढे आवाज बिघडला की दोष मात्र त्याच्या माथी.

जाणता तंत्रज्ञ आरंभ विजेपासून करतो. प्रथम अर्थिंग तपासतो, कारण गायकाच्या ओठांशी येणारी माइकची धातूची जाळी आणि गिटारच्या तारा यांचा संबंध शेवटी विजेच्या उपकरणांशीच असतो. १९७२ मध्ये ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस हार्वे या गिटारवादकाचा, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच मृत्यू झाला होता. तेव्हा अर्थिंग दाखवा, असे साउंडवाल्याने म्हटले तर त्याला कटकट्या समजू नये. जनरेटर असल्यास तोही दुपारीच चालवून पाहावा.

त्यानंतर मांडणी. गायकाचा माइक सामान्यतः पुढील आवाज अधिक व मागील कमी ग्रहण करतो. म्हणून मुख्य स्पीकर गायकांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवतात. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी, माइकच्या पाठीकडे, मॉनिटर ठेवतात. स्पीकरचा आवाज माइकने पुन्हा उचलला, तो वाढून पुन्हा स्पीकरमधून आला, की ती कर्कश शिट्टी ऐकू येते. आशीर्वाद देणारे ज्येष्ठ माइक छातीशी धरतात, ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला जातो, आणि शिट्टी वाजते. यंत्र बिचारे निर्दोष असते.

मग ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, गायक असे एकेकाचे आवाज मिक्सरवर जुळवून शेवटी सर्वांना एकत्र वाजवावयास सांगतात. येथे केवळ ‘हॅलो, चेक’ पुरत नाही. गायकाने कार्यक्रमात गाईल तितक्याच जोराने एक कडवे म्हणावे लागते. मिक्सरचे टेबल सजावटीला बाधते म्हणून पडद्याआड ढकलण्याची रीत पडली आहे. श्रोत्यांना काय ऐकू येते, हे तिथून तंत्रज्ञाला कळणार कसे? रिकामे सभागृह घुमते, भरलेल्यात माणसे व वस्त्रे आवाज शोषतात. त्यामुळे पहिल्या गाण्याला पुन्हा थोडे जुळवावेच लागते, आणि तेही श्रोत्यांत बसूनच.

भाव ठरवताना यजमान विचारतात, ‘किती वॅटचे बॉक्स?’ हा हिशेब फसवा आहे. वॅट दुप्पट केले तर ध्वनिपातळी जेमतेम 3 डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की पातळी 6 डेसिबलने उतरते. परिणामी पुढची रांग कानात बोटे घालते आणि मागची तक्रार करते. लांब सभागृहात मध्यभागी आणखी दोन स्पीकर लावणे हा खरा उपाय. मात्र ध्वनीला 34 मीटर जाण्यास सुमारे एक दशांश सेकंद लागतो. त्या स्पीकरचा आवाज तेवढा उशिरा सोडला नाही तर शब्द एकमेकांवर चढतात.

कार्यक्रम लॉनवर असेल तर रात्री दहाची मर्यादा आहेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई केली आहे. अखेरचे गाणे संपताच तंत्रज्ञ प्रथम अॅम्प्लिफायर बंद करतो, मिक्सर नंतर. दुपारी नेमका उलट क्रम असतो. क्रम चुकला तर स्पीकरमधून मोठा धक्क्याचा आवाज येतो. मग केबली गुंडाळल्या जातात. त्या मुलांचे जेवण बहुधा तेव्हाही राहिलेलेच असते.