फणसोंबा : ओळख आणि वर्गीकरण

कोकणात बालकांची लाळ फार गळत असल्यास फणसोंबा सहाणेवर उगाळून त्याचा लेप हिरड्यांस लावण्याची परंपरा आहे. अतिसारातही तो पोटात देतात. तथापि या नावाने हाती येणारे द्रव्य नेमके कोणते, हा प्रश्न आम्हां वैद्यांपुढे उभा राहतो.

सुश्रुताचार्यांनी उद्भिद शाकांचे वर्ग उत्पत्तिस्थानावरून केले : पेंढा, ऊस, शेण, वेळू व भूमी. भावप्रकाशात काष्ठ व वृक्ष यांचाही उल्लेख येतो. ‘फणसोंबा’ हे नाव याच परंपरेतील होय. फणसाच्या खोडावर उगवते ते. परंतु एकाच वृक्षावर अनेक जातींची कवके वाढतात. म्हणून आश्रयवृक्षावरून केलेली ओळख ही केवळ पहिली पायरी ठरते.

आधुनिक कवकशास्त्रानुसार फणसोंबा मुख्यत्वे फेलिनस प्रजातीत गणला जातो. ही प्रजाती क्वेले यांनी १८८६ मध्ये स्थापन केली. तिचे कुल हायमेनोकीटेसी. पुढील संशोधनात तिच्यातील काही जाती फल्व्हिफोमेस आदी प्रजातींत गेल्या. त्यामुळे एकच जाती निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळ्या नावांनी आढळते.

याचे फलकाय काष्ठवत् कठीण, बहुवर्षायू व बहुधा देठरहित असते. खालच्या पृष्ठावर पातळ पाकळ्या नसून सूक्ष्म छिद्रे असतात. आतील गर तपकिरी असून दाहक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकताच काळवंडतो. मात्र गॅनोडर्माचा गरही तपकिरी असल्याने एवढ्यावर निर्णय देऊ नये. सूक्ष्मदर्शकाखाली गॅनोडर्माचे बीजाणू दुहेरी भित्तीचे व एका टोकास छाटल्यासारखे दिसतात, तंतूंवर जोडगाठीही असतात. फेलिनसमध्ये ही दोन्ही लक्षणे नसतात.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. द्रव्य बदलले की एका वैद्याचा अनुभव दुसऱ्यास लागू पडत नाही आणि गुणकर्मांची चर्चा निराधार होते. शिवाय हे औषध तान्ह्या बालकाच्या मुखात जाते.

म्हणून आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे की, संग्रह करताना आश्रयवृक्ष, तो जिवंत की वठलेला, स्थळ व महिना यांची नोंद ठेवावी. उगाळण्यापूर्वी प्रत्येक नगाचा एक तुकडा वाळवून जपावा आणि कवकतज्ज्ञांकडून त्याची जाती निश्चित करून घ्यावी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवकसंग्रह आहे. नाव परंपरेने दिले. नमुना जपणे हे आपले कर्तव्य होय.