तांब्याचे इलेक्ट्रोविनिंग : वाया जाणारी वीज कशी शोधावी?

विद्युत शुद्धीकरणात धनाग्र अशुद्ध तांब्याचे असते. ते विरघळते आणि त्यातील तांबे ऋणाग्रावर बसते. इलेक्ट्रोविनिंगमध्ये तांबे आधीच कॉपर सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणात असते. शिशाच्या मिश्रधातूचे धनाग्र विरघळत नाही. तेथे पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. म्हणून शुद्धीकरणात सेलला सुमारे ०.३ व्होल्ट पुरतात, तर येथे सुमारे २ व्होल्ट लागतात.

फॅरडेच्या नियमानुसार १ अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम तांबे मिळायला हवे. प्रत्यक्षात मिळालेल्या तांब्याचे याच्याशी प्रमाण म्हणजे धारा-कार्यक्षमता.

उदाहरण : एकसरीत जोडलेल्या १०० सेलमधून ३०,००० अँपिअर धारा २४ तास वाहिली.
अपेक्षित तांबे = १.१८६ × ३०,००० × २४ × १०० ग्रॅम = सुमारे ८५.४ टन.
मिळाले ७६.९ टन, म्हणजे कार्यक्षमता ९० टक्के.
२ व्होल्टला टनामागे वीज = २ × १,००० ÷ (१.१८६ × ०.९०) = सुमारे १,८७४ युनिट. कार्यक्षमता ९५ टक्के झाली तर १,७७५ युनिट. म्हणजे टनामागे जवळपास १०० युनिटांची बचत.

धारा मुख्यतः दोन वाटांनी वाया जाते.

१. शॉर्ट सर्किट : ऋणाग्रावर गाठी वाढून धनाग्राला टेकल्या की धारा तांबे न बसवताच निघून जाते. त्या सेलचे व्होल्टेज उतरते आणि टेकलेल्या पत्र्याचा दांडा तापतो. तो इन्फ्रारेड कॅमेऱ्याने सापडतो. पत्रे सरळ ठेवणे, अंतर समान राखणे आणि संपर्काच्या जागा स्वच्छ धुणे हे मूळ उपाय. थर गुळगुळीत बसावा म्हणून द्रावणात गवारीच्या बियांचा डिंक अल्प प्रमाणात घालतात. हीच गवार राजस्थानात मोठ्या प्रमाणावर पिकते.

२. लोह : फेरिक आयन ऋणाग्राशी इलेक्ट्रॉन घेऊन फेरस होतो, धनाग्राशी पुन्हा फेरिक होतो. या येरझारीत धारा खर्च होते, तांबे मिळत नाही. म्हणून द्रावणाचा काही भाग नियमित काढून लोहाचे प्रमाण आटोक्यात ठेवतात.

व्होल्टेज वाढले तर वीज जास्त लागते, पण तेवढ्यामुळे धारा-कार्यक्षमता घटत नाही. तेव्हा दोन्ही आकडे वेगवेगळे नोंदवा.

स्वाध्याय : सर्व सेलचे व्होल्टेज नेहमीसारखेच आहे, तरी उत्पादन घटले आहे. वरील दोनपैकी कोणत्या कारणाचा तपास आधी कराल? का?